गोड आइस्ड टी: आधी घरचा जग, मग किऑस्क



गेल्या महिन्यात सांगलीहून एका ताईंचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "सर, आइस्ड टीचं किऑस्क घेतेय. एक लाख ऐंशी हजार भरायचेत. पतसंस्थेचं कर्जही मंजूर झालंय. भरू ना पैसे?"

मी विचारलं, "ताई, आइस्ड टी घरी किती वेळा केलाय?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाल्या, "नाही केला सर. ते पावडर देणार आहेत ना. पाण्यात ढवळायची की झालं."

पैसे भरू नका असं मी त्यांना सांगितलं नाही. तो निर्णय त्यांचा आहे. एवढंच म्हटलं, महिनाभर थांबा आणि दर रविवारी एक जग घरी बनवा. चार रविवार, चार जग. खर्च सातशे रुपयांच्या आत. त्यानंतर किऑस्कबद्दल बोलू.

आजचा धडा त्या फोनमधून आलाय. व्हिडिओमध्ये कृती दाखवली आहेच. पण व्हिडिओ पळतो आणि प्रमाणं डोक्यात राहत नाहीत, म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय. कृतीसोबत या चहाची मूळ गोष्टही सांगणार आहे, कारण धंद्याचे दोन-तीन मोठे मुद्दे त्या गोष्टीतच आहेत.

हा चहा कुणाचा?

गोड आइस्ड टी हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचं पेय आहे. जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलिना, टेनेसी, मिसिसिपी हा तो पट्टा. आपल्याकडे पाहुणा आला की चहाचं आधण ठेवतात. तिकडे फ्रिजमध्ये जग भरलेलाच असतो, उंच ग्लासात बर्फ घालून तो समोर येतो. माझा मावसभाऊ अटलांटाजवळ राहतो. तो सांगतो की हॉटेलात बसल्यावर पहिला प्रश्न येतो, गोड की बिनसाखरेचा? तोच माणूस उत्तरेकडच्या राज्यात गेला आणि नुसता आइस्ड टी मागितला, तर बहुधा बिनसाखरेचा येतो. साखरेची पाकिटं शेजारी ठेवलेली असतात.

तुम्ही म्हणाल, मग फरक काय? पाकीट फोडा, घाला आणि ढवळा. पण दक्षिणेतला माणूस हे मान्य करत नाही. २००३ साली १ एप्रिलला जॉर्जियाच्या विधिमंडळात काही आमदारांनी एक विधेयक मांडलं होतं: जे हॉटेल आइस्ड टी विकतं त्याने गोड चहा ठेवलाच पाहिजे, नाहीतर गुन्हा! तारखेवरून कळलंच असेल, ती थट्टा होती. पण त्या थट्टेतही गोड चहाची व्याख्या अगदी काटेकोर होती. चहा बनतानाच ज्यात साखर घातली जाते, तो गोड चहा. नंतर वरून घातलेली चालणार नाही.

ही व्याख्या लक्षात ठेवा, कृतीत तिचा उपयोग होणार आहे.

थोडा इतिहास, आणि एक गोष्ट जी मीही चुकीची सांगत होतो

धंद्याच्या वर्कशॉपमध्ये एक गोष्ट फार चालते. १९०४ साली सेंट लुइस शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचे गृहस्थ आपल्या भारतीय चहाचा प्रचार करायला गेले होते. उकाडा भयंकर, गरम चहाकडे कुणी फिरकेना. मग त्यांनी चहात बर्फ घातला, रांगा लागल्या आणि आइस्ड टीचा शोध लागला!

मीसुद्धा ही गोष्ट दोन-तीन बॅचला हातवारे करून सांगितली आहे. पण "शोध लागला" हा भाग खोटा आहे. १८७९ साली मॅरियन कॅबेल टायरी या बाईंनी "हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया" नावाचं पाककृतींचं पुस्तक काढलं. व्हर्जिनियातल्या अडीचशे गृहिणींनी दिलेल्या कृती त्यात आहेत. प्रदर्शनाच्या पंचवीस वर्षं आधीच्या या पुस्तकात थंड गोड चहाची कृती छापलेली आहे. संध्याकाळी चहा हवा असेल तर सकाळी नाश्त्याच्या वेळीच तो उकळत्या पाण्यात घालून ठेवायचा, मग न ढवळता गाळायचा, खालचा गाळ जगातच राहू द्यायचा, ग्लासात बर्फ आणि दोन चमचे साखर घालून त्यावर चहा ओतायचा, वर लिंबू पिळायचं. गंमत म्हणजे यात ग्रीन टी आहे! तेव्हा अमेरिकेत तोच जास्त चालायचा. दुसऱ्या महायुद्धात चीन-जपानकडून येणारा माल तुटला, तेव्हा अमेरिकन लोक काळ्या चहाकडे वळले, आणि तो बऱ्याच प्रमाणात भारतातून जात होता.

त्याहून मागे जायचं तर १८३९ च्या "द केंटकी हाउसवाइफ" या पुस्तकात चहाचं पंच सापडतं: कडक चहा, भरपूर साखर, साय आणि वाइन. म्हणजे सुरुवात श्रीमंतांच्या मेजवानीतून झाली. साहजिकच आहे. चहा परदेशातून यायचा, साखर महाग आणि बर्फ तर उत्तरेकडच्या तलावांतून कापून जहाजाने दक्षिणेत आणायचा. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा या बर्फाच्या धंद्याचा राजा. १८३३ मध्ये त्याचं जहाज भुशात गुंडाळलेला बर्फ घेऊन थेट कलकत्त्याला आलं. चार महिन्यांचा प्रवास, तरी बराचसा बर्फ शाबूत! पुढे आपल्या मुंबईतही हा अमेरिकन बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं.

मग ब्लेचिन्डेन यांनी केलं काय? लोकांना आधीपासून माहीत असलेली वस्तू त्यांनी उन्हात तापलेल्या गर्दीच्या हातात दिली. शोध नसेना का, धंदा म्हणून ते छोटं काम नाही. तुम्हालाही नवीन पेय शोधून काढायची गरज नाहीये.

आता कृती. चार लिटरचा जग.

दक्षिणेतल्या घरांत माप असतं एक गॅलनचं, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर. आपण सोयीसाठी चार लिटर धरू.

चहा २५ ग्रॅम. पण कुठला? आपला घरचा दाणेदार चहा दूध घालून उकळण्यासाठी बनलेला असतो. थंड केला की तो तुरट लागतो आणि लवकर गढूळ होतो. पानांचा चहा घ्या. निलगिरीचा मिळाला तर उत्तम, कारण थंड झाल्यावरही तो स्वच्छ राहतो अशी त्याची ख्याती आहे.

दीड लिटर पाणी खळखळून उकळा. गॅस बंद करा. हो, बंद! आपला हात इथेच चुकतो, चहा म्हटलं की आपण उकळतच राहतो. गॅस बंद करून पत्ती घाला, झाकण ठेवा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. चिमूटभर खायचा सोडा याच वेळी घाला. दक्षिणेतल्या कितीतरी घरांत हे करतात. सोड्याने तुरटपणा कमी होतो आणि रंग छान गडद येतो. पण चिमूट म्हणजे चिमूट, नाहीतर साबणाची चव लागेल.

पाच मिनिटांनी गाळा. पत्ती चमच्याने दाबू नका, पिळू नका. शेवटच्या दोन घोटांच्या लोभापायी सगळा कडवटपणा जगात उतरतो.

आता ती व्याख्या आठवा. चहा गरम असतानाच ३०० ग्रॅम साखर घाला आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. काही जण सांगतात की थंड पाण्यात एवढी साखर मावतच नाही. तसं नाही. मावते, पण विरघळायला फार वेळ लागतो. गिऱ्हाईक ग्लास हातात घेऊन तेवढा वेळ ढवळत बसत नाही. पहिला घोट फिका, शेवटचा घोट पाक, आणि तळाला तुमच्या पैशाची साखर तशीच पडलेली.

साखर विरघळली की अडीच लिटर साधं पिण्याचं पाणी मिसळा. ओट्यावर कोमट होऊ द्या, मगच फ्रिजमध्ये ठेवा. लिंबू जगात नाही, ग्लासात.

साखरेबद्दल एक खरी गोष्ट सांगतो. दक्षिणेत काही घरं एका गॅलनला दोन कप साखर घालतात. हिशोब केला तर ते प्रमाण कोलाच्या जवळपास जातं. मी दिलेलं प्रमाण त्यापेक्षा कमी आहे, तरी १८० मिली चहात साधारण तीन चमचे साखर येते. ग्राहकाने विचारलं तर हे लपवू नका. बिनसाखरेचा एक छोटा जग वेगळा ठेवा. तिकडची हॉटेलंही तेच करतात.

गढूळ चहा आणि माझे वीस लिटर

ही माझी स्वतःची फजिती. सुरुवातीच्या काळात एका सोसायटीच्या उन्हाळी मेळाव्यात मी आइस्ड टीचा स्टॉल लावला. आत्मविश्वास एवढा की आधी करून बघितलंच नाही. घरचाच दाणेदार चहा घेतला, दहा मिनिटं उकळला, वीस लिटर केला, आणि वेळ नव्हता म्हणून गरम पातेली तशीच डीप फ्रीजरमध्ये ढकलली. बाहेर काढलं तर रंग चिखलाच्या पाण्यासारखा. एका काकूंनी विचारलं, "यात दूध घातलंय का रे?" अकरा ग्लास विकले गेले. बाकीचा चहा रात्री मोरीत ओतला. बायको शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

झालं काय होतं? चहातली तुरट द्रव्यं आणि कॅफिन गरम पाण्यात सुटी असतात. थंड होताना ती एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे बारीक कण तरंगू लागतात. चहा जितका कडक, तितका हा गढूळपणा जास्त, आणि एकदम गार केलं तर अजून वाढतो. तो खराब झालेला नसतो, चवीलाही बरा असतो, पण डोळ्यांना तसं वाटत नाही. उपाय सोपा आहे: थोडं उकळतं पाणी घालून ढवळा, बऱ्यापैकी निवळतो. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर निदान पंधरा लिटर वाचला असता.

जपायची गोष्ट आणखी एक. इंटरनेटवर उन्हात ठेवून चहा करण्याची अमेरिकन पद्धत दिसेल. काचेच्या बरणीत पाणी आणि पत्ती घालायची आणि बरणी अंगणात ठेवायची. घरी लोक हौसेने करतात. पण ते पाणी कोमटच राहतं. त्यात जंतू मरत नाहीत, उलट वाढतात. विकायच्या मालाला ही पद्धत अजिबात नको. पाणी उकळलेलंच हवं, भांडी रोज घासून कोरडी हवीत आणि सकाळी केलेला चहा त्याच दिवशी संपायला हवा. उरला तर ओता. उद्याच्या मालात मिसळू नका.

वही काढा

आता हिशोब. हे दर माझ्या इथले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही लिहा.

चहा २५ ग्रॅम, किलोला ८०० रुपये धरून, २० रुपये. साखर ३०० ग्रॅम, १४ रुपये. चार लिंबं, २४ रुपये. गॅस आणि पाणी, १० रुपये. खायचा बर्फ ३ किलो, ४५ रुपये. ३५० मिलीचे कागदी ग्लास २२, अडीच रुपयांप्रमाणे ५५ रुपये. एकूण १६८. ग्लासमागे साडेसात रुपयांच्या थोडं वर.

विकणार वीसला, म्हणजे ग्लासमागे बारा रुपये सुटले असं वाटून लगेच खूश होऊ नका. आकडे परत बघा. चहा आणि साखर मिळून ३४ रुपये, म्हणजे एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा. बर्फ आणि ग्लास मिळून १००. जवळजवळ साठ टक्के! आपण नाव देतो चहाचं, आणि खरा खर्च बर्फाचा आणि ग्लासाचा. ट्यूडरच्या काळात बर्फच महाग होता, आजही तुमच्या वहीत तो चहा-साखरेच्या वर बसलाय. म्हणून चहात दोन रुपये वाचवायला हलकी पत्ती आणू नका. वाचवायचं असेल तर बर्फाचा डबा चांगला घ्या, म्हणजे दुपारी तीनपर्यंत अर्धा बर्फ पाणी होऊन जाणार नाही.

आता वाईट दिवस धरा. ढग आले, बावीसपैकी बाराच ग्लास गेले. उरलेले कागदी ग्लास उद्या चालतील, पण चहा गेला, बर्फ गेला. खर्च १४३ रुपये, विकलेले ग्लास १२. म्हणजे एका ग्लासाला जवळजवळ १२ रुपये. अजून जागेचं भाडं नाही, तुमची मजुरी नाही, कर्जाचा हप्ता नाही. जून ते सप्टेंबर पाऊस आहे, तोही वहीत धरा.

बर्फ घेताना डोळे उघडे ठेवा. २०१८ पासून महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने न खायचा बर्फ निळा रंगवणं बंधनकारक केलं आहे. निळसर लादी स्वस्तात मिळाली तरी ती मासळी थंड ठेवायची आहे, ग्लासात घालायची नाही. पण पांढरा दिसतो म्हणून तो आपोआप खायचा ठरत नाही. विक्रेत्याचा परवाना बघा आणि बिल घ्या. तुमची स्वतःची एफएसएसएआय नोंदणी पहिला ग्लास विकण्याआधी. ऑनलाइन होते.

हॉटेल गेलं, चहा राहिला

अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये १९४६ साली मायलो कार्लटन आणि त्यांच्या पत्नीने बर्गरचं छोटं दुकान काढलं. युद्धानंतरची साखरेची टंचाई अजून होती. कंपनी स्वतःची गोष्ट सांगते ती अशी: टेबलावर साखर ठेवली की ती ग्लासांच्या तळाशी वाया जायची, म्हणून त्यांनी चहा आतूनच गोड करून द्यायला सुरुवात केली. लोक बर्गरसाठी येत आणि चहाचं नाव काढत. १९८९ पासून तो चहा किराणा दुकानांत विकायला लागला. २००२ मध्ये घराण्याने बर्गरचा धंदा विकून टाकला आणि चहा स्वतःकडे ठेवला. पाणी, चहा, साखर, एवढ्यावर.

बर्गरच्या दुकानात रोज लोक येत होते, म्हणून चहा जोडीला उभा राहिला. तुमच्याकडे आधीपासून वडापावचा गाडा, पोळी-भाजी केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान असेल, तर एक जग ठेवायला एक लाख ऐंशी हजार लागत नाहीत. नुसत्या आइस्ड टीवर किऑस्क चालवायचं असेल तर गणित वेगळं, आणि ते बरंच अवघड.

त्या सांगलीच्या ताईंचे तीन रविवार झालेत. पहिला जग कडू, त्यांनी पत्ती पिळली होती. दुसरा बरा होता पण बर्फ वितळल्यावर पाणचट, म्हणून तिसऱ्या वेळी त्यांनी चहा २५ चा ३० ग्रॅम केला. तिसऱ्या जगाचे ग्लास शेजारच्या क्लासच्या मुलांना पंधरा रुपयांना विकले, फुकट नाही वाटले. चौदा गेले. कंपनीची पावडरही त्यांनी नमुना म्हणून मागवली आणि दोन्ही चहा नाव न सांगता मुलांना पाजले. काय निघालं ते त्या चौथ्या रविवारनंतर सांगणार आहेत. पैसे अजून भरलेले नाहीत.

तुमची वही अशी आखा: तारीख, पत्ती किती ग्रॅम, किती मिनिटं, साखर किती, रंग स्वच्छ की गढूळ, किती ग्लास विकले आणि किती ओतले. पहिला जग या रविवारी.